ऐकलेल्या पक्ष्यांची यादी

माझ्या कानांचा मला माज होता. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव आलीच तर ती बेतानं येईल. पेडण्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांना पक्षी दाखवणारे आम्ही सातआठ गाईड होतो. डोळे सगळ्यांचेच बरे होते, दुर्बिणी तर पाहुण्यांकडे आमच्यापेक्षा चांगल्या. पण दाट झाडात बसलेला पक्षी नुसत्या आवाजावरून सांगावा तो मीच. बाकीचे गाईड मला 'कान' म्हणायचे आणि मी खुशाल ओ द्यायचो.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी डिचोलीजवळच्या एका खाणीवर कामाला लागलो. त्याआधी भाषेवरून गोवाभर रान पेटलं होतं आणि घरी कोंकणी बोलून शाळेत मराठीतून शिकलेल्या आम्हा सर्वण गावच्या पोरांना आपण नेमके कुठल्या बाजूचे हे काही ठरवता येत नव्हतं. खाणीवर तो प्रश्न सुटला. क्रशरपाशी कुठलीच भाषा ऐकू येत नसे. लोखंडाचा दगड वरून पडायचा, भरडला जायचा आणि मग मोठमोठ्या चाळण्यांवर दिवसभर थडथडत राहायचा. कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार आणि मी, आम्ही हातवारे करून बोलायचो. कानांत कापसाचे बोळे घालायची पद्धत होती. त्यातही आमची पैज लागायची, कापूस न घालता आख्खी पाळी कोण काढतो अशी, आणि ती मी बऱ्याचदा जिंकलेली आहे. सुट्टी झाली की कानांत एक बारीक शिट्टी वाजत राहायची. सगळ्यांच्याच वाजायची, म्हणून ती कुणाला आजार वाटली नाही.

पक्ष्यांचं वेड मला त्या शिट्टीपायीच लागलं. खाणीवरून घरी यायच्या वाटेवर देवराई होती. तिथल्या एका मुळावर मी टेकायचो. अर्ध्या तासानं शिट्टी जरा बसायची आणि तिच्या मागून एकेक आवाज सुटा होऊन यायचा. आधी कवड्याचा, मग तांबटाचा, मग कितीतरी बारीक आवाज, ज्यांचे मालक दिसत नसत. ते कोण हे शोधत बसायचं, एवढाच माझा नाद. दारू पिणाऱ्या सोबत्यांना तो बायकी वाटायचा. चौदा वर्षांनी ठेका संपला, आम्हांला घरी बसवलं, आणि त्याच हिवाळ्यात एक इंग्रज गृहस्थ गळ्यात दुर्बीण घालून देवराईची वाट विचारत आला. मी त्याला वाट दाखवली, आणि वर अकरा पक्षी न बघता सांगितले. पुढचे पंधरा हिवाळे तो दरवर्षी आला आणि येताना माणसं घेऊन आला. माझा धंदा त्यानं उभा केला म्हटलं तरी चालेल.

धंद्यात संध्याकाळी यादी करायची रीत आहे. सगळे एका टेबलाभोवती बसतात, गाईड छापील यादीतली नावं एकेक वाचतो, आणि दिवसभरात दिसलेल्या पक्ष्यापुढे जो तो आपल्या वहीत खूण करतो. जो दिसला नाही पण ऐकला, त्याच्यापुढे वेगळी खूण. ती खूण बहुतेकदा गाईडच्या शब्दावर होते. पाहुण्याला रानातल्या शंभर आवाजांतला तो कुठला हे कुठून कळणार? गाईड बोट वर करतो, म्हणतो, "आत्ता बोलला तो फुलटोच्या," आणि लांबलांबच्या देशांतली सहा माणसं मान डोलावतात. माझ्या पाहुण्यांच्या याद्यांमध्ये ऐकलेले पक्षी इतर कुठल्याही गाईडपेक्षा जास्त असायचे. मला त्याचा अभिमान होता.

सत्तरी पुरी झाली म्हणून त्या इंग्रजानं आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या रानांत पक्षी पाहायचा बेत आखला आणि मला म्हणाला, "तू माझ्याबरोबर चल. आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवलंस, आता पंधरा दिवस नुसता बघ." एप्रिल होता, आमचा हंगाम संपलेला. माझी बायको म्हणाली, "वचून येयात. परत कोण व्हरपाचो?" जाऊन या, पुन्हा कोण नेणार, असं. तोवर मी विमानात बसलो नव्हतो. म्हापशाच्या बाजारातून एक बॅग आणली आणि झांबियाला जाऊन पोचलो.

आम्ही सहाजण होतो, चार त्याचे मित्रमैत्रिणी, तो आणि मी. गाईड तिथलीच होती, पंचेचाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई. पहिले दोन दिवस मी तिचं काम परीक्षकासारखं पाहत होतो. गाडी कुठे थांबवते, माणसं कशी उभी करते, सूर्य कुणाच्या पाठीशी ठेवते. बरी होती. माझ्याइतकी नाही असं मनात म्हणालो.

तिथलं रान आमच्यासारखं अंगावर येत नाही. झाडं उंच पण सुटीसुटी, खाली छातीएवढं गवत, पाऊस नुकता ओसरलेला. तासभर चाललं तरी एक पक्षी नाही आणि मग एकाएकी एका झाडावर वीसपंचवीस, आठदहा जातींचे, एकत्र किडे टिपत पुढे सरकणारे. तो थवा डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना सापडावा लागतो. ती बाई चालता चालता थांबली, हात वर केला, आणि कुजबुजली, "ऐका." सगळे थांबले. आमच्या इंग्रजाची एक मैत्रीण, तिला गुडघ्यांमुळे धड चालताही येत नव्हतं, ती हसली आणि तिनं दुर्बीण डावीकडे वळवली. बाकीच्यांनी वळवली. मीही वळवली.

मला लांबच्या पारव्याचा घूं-घूं आवाज येत होता आणि वाऱ्याचा. आणखी काही नाही. मला वाटलं, नवं रान, कान बसायला वेळ लागणार. नवख्या गाईडांना मी हेच सांगायचो.

दुसऱ्या थव्याला तेच झालं, तिसऱ्यालाही. चौथ्या दिवशी एक पक्षी माझ्या समोरच्या फांदीवर येऊन बसला, दहा हातांवर. अंगठ्यापेक्षा जरा मोठा, पोपटी-पिवळा. दुर्बिणीत तो पुरता मावला होता. त्यानं मान वर केली, चोच उघडली, आणि त्याचा गळा थरथरायला लागला. चोच उघडत होती, मिटत होती, शेपटीसुद्धा त्या जोरानं हलत होती. आणि आवाज नव्हता. माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, "केवढ्यानं ओरडतोय हा." मी दुर्बीण खाली घेतली. 

त्या दुपारी सगळे झोपले असताना मी तंबूबाहेर बसलो होतो. ती गाईड बाई आली आणि समोरच्या ओंडक्यावर बसली. इकडचं तिकडचं काही न बोलता तिनं विचारलं, "तू झाडाकडे बघत नाहीस. माणसं कुणीकडे बघतात ते बघतोस आणि मग तिकडे बघतोस. कधीपासून?"

मी म्हटलं, "मी स्वतः गाईड आहे."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं. म्हणून विचारतेय."

मग तिनं मी आधी काय काम करत होतो ते विचारलं. खाण म्हटल्यावर तिनं मान हलवली. तिचे वडील उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणीत तीस वर्षं होते. म्हातारपणी ते असेच समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. मोठे आवाज ऐकू यायचे, दार आपटलेलं कळायचं, म्हणून स्वतःला बहिरे मानायला तयार नसायचे. "बारीक आवाज आधी जातात," ती म्हणाली. "ते गेलेले कळत नाहीत, कारण ते गेल्यावर तिथे काही उरत नाही." हे ती दुःखानं म्हणाली नाही, वाट सांगावी तसं म्हणाली. मला तिचा राग आला. मी तिला म्हटलं की गोव्यात मला सगळं ऐकू येतं. ती म्हणाली, "येत असेल," आणि उठून गेली.

गोव्यात मला सगळं ऐकू येतं, हे मी खोटं बोलत नव्हतो. खरंच येत होतं. याच गोष्टीनं मला पुढचे दोन दिवस पोखरलं.

सातव्या दिवशी आम्ही नदीच्या खोऱ्यात उतरलो. रुंद, संथ, मातकट नदी, काठानं मैलभर गवत. त्या गवतावर मला आमच्या घरचा एक पक्षी दिसला. घरचा म्हणजे अगदी तोच, आमच्या भातशेतांवरचा, तपकिरी, चिमणीच्या निम्मा. तो आफ्रिकेतही असतो हे मला पुस्तकावरून ठाऊक होतं. हा पक्षी हवेत टप्प्याटप्प्यानं उडतो, आणि प्रत्येक टप्प्याला एकदा 'टिक' असं म्हणतो. सर्वणला सकाळी वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या शेताकडेनं चाललं की तो डोक्यावर टिक, टिक, टिक करत असतो. मी वर पाहिलं. तो वर गेला, टिक. थोडा खाली, पुन्हा वर, टिक. स्वच्छ ऐकू येत होतं. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईला हाक मारून सांगावं असं वाटलं, बघ, हा ऐकू येतोय मला.

मग काय सुचलं कोण जाणे, मी डोळे मिटले.

टिक बंद झाली.

उघडले. तो वर चढत होता, टिक. मिटले, काही नाही. असं मी किती वेळा केलं ते सांगता येणार नाही. तो पक्षी वर चढताना दिसला की माझंच डोकं त्याचा आवाज वाजवत होतं. डोळे मिटले की डोक्याला कळत नव्हतं कधी वाजवायचा. बाकीचे पुढे गेले होते. मी त्या गवतात उभा राहून डोळे मिटत आणि उघडत होतो आणि एखाद्या मुलासारखा रडत होतो. माझं गोव्यातलं सगळं ऐकणं असलं होतं. देवराईत कुठल्या झाडावर कोण बसतो, कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी, हे मला पाठ होतं. त्या झाडाखाली गेलो की त्या पक्ष्याचा आवाज मला यायचा. मी बोट वर करायचो. सहा माणसं मान डोलवायची.

त्या संध्याकाळी यादीच्या वेळी मी वही उघडली नाही. ती बाई नावं वाचत होती, माझ्या शेजारी बसलेला इंग्रज खुणा करत होता. सगळे उठल्यावर मी त्याला थांबवलं. गेल्या हिवाळ्यात देवराईत मी फुलटोच्या बोलला म्हणून सांगितलं होतं, ते त्याला आठवतं का असं विचारलं. त्यानं चष्मा काढला.

"आठवतं."

"तो बोलला होता?"

त्यानं आपली वही मिटली. मग म्हणाला, "मी त्याच्यापुढे खूण केली नव्हती."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तीन हिवाळे झाले," तो म्हणाला. "तू आवाज सांगायचास, मी ऐकायचो. असला तर खूण करायचो. नसला तर नाही."

"सांगितलं का नाही?"

"तुझं पोट त्या कामावर होतं," तो म्हणाला. "आणि वाटलं, इथे आल्यावर तुझं तुलाच कळेल. सांगण्यापेक्षा ते बरं." त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. मी तो काढला. पंधरा वर्षांच्या ओळखीच्या माणसाशी मी असा पहिल्यांदाच वागलो. तीन हिवाळे माझ्या मागे उभं राहून हा माणूस मला सांभाळून घेत होता आणि मी त्याच्यापुढे छाती काढून चालत होतो. फसवलं मीच होतं, तरी फसवलं गेल्यासारखं मला वाटत होतं. उरलेले दिवस आम्ही चांगलं बोललो, एकमेकांना पाणी दिलं, फोटो काढले. पण पुढच्या हिवाळ्यात तो आला नाही. प्रकृतीचं कारण कळवलं त्यानं. असेलही.

घरी मी काही बोललो नाही. पावसाळा तसाच गेला. गणपतीच्या दिवसांत एकदा बायको पाठीमागून काहीतरी म्हणाली आणि मी उत्तर दिलं नाही, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. "हांव आतां सदांच तुमच्या मुखार येवन उलयतां," ती म्हणाली, "तुमकां कळ्ळें ना?" ती नेहमी समोर येऊन बोलते हे माझ्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. कधीपासून, असं विचारायचं धाडस झालं नाही.

ऑक्टोबरमध्ये नव्या हंगामासाठी पाहुण्यांचे निरोप यायला लागले तशी तीच मला पणजीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं आढेवेढे घेतले नाहीत. आतली शीर मेली की ती परत येत नाही, औषध नाही, ऑपरेशन नाही. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं बरं समजेल. पक्ष्यांचं विचारल्यावर तो नुसता हसला, वाईट हसला नाही, पण हसला. किती गेलंय आणि किती उरलंय ते तपासणीत कळेल म्हणाला.

किती उरलंय, एवढ्यावर मी लटकलो. बाहेरच्या बाकावर बसून मनात यादी करत होतो. बारीक आवाजाचे गेले तर जाऊ देत. घुबडं आहेत, धनेश आहे, तांबट आहे, भारद्वाज आहे. जाड आवाजाच्या पक्ष्यांवर दोनतीन हंगाम निघतील. पाहुण्यांना आधीच सांगून टाकू की बारीक आवाजांचं मला जमत नाही. कान शाबूत नसले तरी निदान खोटं तरी बोलायला नको.

तपासणीची खोली कपाटाएवढी होती, भिंतींना जाड स्पंज. यंत्र चालवणारी मुलगी बेळगावकडची, मराठी बोलणारी. तिनं माझ्या कानांवर हेडफोन बसवले आणि हातात एक बटण दिलं. "काका, आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक आला तरी दाबा." ती काचेपलीकडे जाऊन बसली. मी डोळे मिटून घेतले. नदीकाठी शिकलो होतो ना.

पहिले आवाज जाड होते, ते सगळे आले. मी दाबत गेलो. मग ते बारीक होत गेले, आणि मध्ये मध्ये नुसती शांतता. मी त्या शांततेत कान लावून बसायचो, देवराईत बसायचो तसा, आणि तिच्या तळाशी काहीतरी हललं की दाबायचो. दोनदा फारच बारीक आवाज आला. अगदी टोकाचा, सुईएवढा. आला म्हणजे आला. मी दाबलं. मनातून फार खूश झालो. एवढे बारीक येत असतील तर डॉक्टर समजतो तितकं काही गेलेलं नाही.

बाहेर आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. मुलगी कागदावर रेघ काढत होती. डावीकडून, जाड आवाजांपासून निघालेली रेघ अर्ध्यावर जाऊन धाडकन खाली गेली होती. मी तिला म्हटलं, "पण शेवटी ते दोन बारीक आले ना मला?"

तिनं बायकोकडे पाहिलं, मग माझ्या समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काका, त्या दोन्ही वेळी तुम्ही बटण दाबलंत तेव्हा मी आवाज सोडलाच नव्हता."

मी म्हटलं, मला ऐकू आला होता.

"हो काका," ती म्हणाली, "पुष्कळांचं होतं तसं." मग पुढच्या वेळी कधी यायचं ते लिहिलेला कागद तिनं माझ्या बायकोच्या हातात दिला आणि बाकीचं सगळं तिलाच सांगितलं.